१८ तास बसवत नाही म्हणून मेंदूची गोळी?

दर वर्षी एप्रिल महिन्यात महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि गावोगावच्या विहारांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची याहून चांगली रीत शोधून सापडणार नाही. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या गर्दीपेक्षा पुस्तकापुढे मान खाली घालून बसलेली पोरं-पोरी पाहिली की कोणाही कार्यकर्त्याचा ऊर भरून येतो. पण त्या हॉलमध्ये दोन-तीन जण असेही असतात, जे पहिल्या तासातच अस्वस्थ होतात. एकाचं पान उलटतच नाही. दुसरी तीच ओळ दहाव्यांदा वाचत असते. तिसरा सारखा उठून हात धुवायला जातो. आणि तिघांच्याही मनात एकच विचार असतो : बाबासाहेब १८ तास बसायचे आणि मला एक तास बसवत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे.

हा लेख त्या दोन-तीन जणांसाठी आहे. कारण बाजाराने त्यांना बरोबर हेरले आहे.

यवतमाळच्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर आज जाहिराती कसल्या येतात ते बघा. ‘फोकस’ वाढवणाऱ्या कॅप्सूल, ‘ब्रेन बूस्टर’ पावडर, स्मरणशक्तीचे सिरप, ब्राह्मी-अश्वगंधाच्या गोळ्या. या साऱ्यांना मिळून एक शास्त्रीय वाटणारे नाव आहे, ‘नूट्रोपिक’. महिन्याचा खर्च कित्येकदा अभ्यासिकेच्या फीपेक्षा जास्त असतो. आई सोयाबीन सोंगायला जाते, कापूस वेचायला जाते आणि त्या मजुरीतून डबी येते. म्हणून डबीत काय आहे, ते नीट पाहायला हवे.

‘नूट्रोपिक’ हा शब्द कोर्नेलिऊ जुर्जा या रोमानियन शास्त्रज्ञाने १९७२ साली वापरात आणला. तो बेल्जियममधील एका औषध कंपनीत काम करत होता. त्या कंपनीत १९६४ साली पिरासिटाम नावाचे रसायन तयार झाले होते आणि त्यासाठी त्याला नवा वर्ग हवा होता. मेंदूची शिकण्याची क्षमता वाढवणारे आणि दुष्परिणाम जवळजवळ नसणारे औषध, अशी त्याची कल्पना होती. कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच, की त्या व्याख्येत चोख बसणारे औषध पन्नास वर्षांनंतरही कोणी दाखवू शकलेले नाही. शब्द मात्र टिकला आणि पुढे व्यापाऱ्यांनी तो चहाच्या अर्कापासून झोप उडवणाऱ्या गोळीपर्यंत सगळ्यावर चिकटवला.

आता आजारांकडे येऊ. ओसीडीला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. मनात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, जीव घाबरा होतो आणि तो शमवण्यासाठी माणूस एखादी कृती करत राहतो : हात धुणे, कुलूप तपासणे, मोजणे, मनातल्या मनात काही म्हणणे. रोजचा तासाहून अधिक वेळ यात जात असेल किंवा त्यामुळे कामधंदा-अभ्यास अडत असेल, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. लक्ष न लागण्याचा आजार, म्हणजे एडीएचडी, वेगळा आहे. त्याची लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीच दिसू लागतात, ती शाळेत आणि घरीही दिसतात आणि पुष्कळांत मोठेपणीही राहतात. परवापर्यंत चांगला अभ्यास करणाऱ्याचे लक्ष या वर्षीच उडाले असेल, तर तो बहुधा एडीएचडी नाही. त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

आपल्या समाजात या दोन्ही आजारांना अधिकचे ओझे आहे. हात धुणाऱ्याला मित्र म्हणतात, ‘काय रे, सोवळं पाळायला लागलास का?’ ज्या समाजाने सोवळ्या-ओवळ्याचे चटके पिढ्यान् पिढ्या सोसले, त्या घरातल्या मुलाला हा टोमणा फार खोल लागतो. मग तो लपून हात धुतो. एडीएचडी असलेल्या मुलाला तर वर्गात आधीच ‘कोट्यातला’ म्हणून तोलले जाते. त्याचे लक्ष लागत नाही हे कळले, की गुणवत्तेविषयीचा तो जुना पूर्वग्रह खरा ठरल्यासारखा मिरवला जातो. म्हणून तोही लपवतो.

आणि एक गोष्ट आहे, जी कोणी बोलत नाही. ओसीडीत माणसाला जे सर्वात पवित्र वाटते, नेमके त्याच्याविषयीच घाणेरडे विचार मनात घुसू शकतात. ख्रिस्ती माणसाला ते येशूविषयी येतात, मुस्लिम माणसाला अल्लाहविषयी. मग आपल्या मुलाला वंदना घेताना ते तथागतांविषयी किंवा बाबासाहेबांविषयी आले, तर नवल नाही. पण तो मुलगा काय भोगत असेल याची कल्पना करा. तो कोणाला सांगणार? विहारात जाणे बंद करतो, चळवळीतून मागे सरकतो आणि आपण म्हणतो, ‘पोरगा बदलला.’ तो बदललेला नसतो. त्या विचारांची त्याला किळस येते, भीती वाटते, ही त्या विचारांवर त्याची श्रद्धा नसल्याची खूण आहे. डॉक्टर हे रोज ऐकतात. त्यांना त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आता मूळ घोटाळा. तीच ओळ दहा वेळा वाचणारी मुलगी सांगताना म्हणते, ‘माझं लक्ष लागत नाही.’ ऐकणाऱ्यालाही तसेच वाटते. प्रत्यक्षात तिचे लक्ष कमी नाही, ते एकाच ओळीत अडकले आहे. ‘नीट कळलं ना? काही सुटलं तर नाही ना?’ ही शंका तिला पुढे जाऊ देत नाही. हा ओसीडी आहे. ती ‘फोकस’ची कॅप्सूल घेते. अशा कित्येक कॅप्सूलमध्ये मुख्य माल असतो कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीतलाच पदार्थ. त्याने धडधड वाढते, झोप उडते, घालमेल वाढते. घालमेल वाढली की शंका वाढते आणि तीच ओळ वीस वेळा वाचली जाते. मग तिला वाटते, डोस कमी पडला.

बाजारात मिळणाऱ्या एकेका गोष्टीविषयी काय ठाऊक आहे ते पाहू. ब्राह्मी आधी, कारण ती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ब्राह्मी या एका नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, बाकोपा आणि मंडूकपर्णी. चाचण्या झाल्या त्या बहुतेक बाकोपाच्या अर्कावर. निरोगी प्रौढांनी साधारण १२ आठवडे रोज घेतल्यावर आठवण्याच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. दोन दिवसांत परिणाम, हे खोटे. एडीएचडीवर उपचार म्हणता येईल असा भक्कम पुरावा नाही आणि ओसीडीवर तर नाहीच. काहींना मळमळ होते, पोट बिघडते.

अश्वगंधाचे प्रकरण थोडे गंभीर आहे. इराणमध्ये २०१६ साली ओसीडीच्या ३० रुग्णांवर एक लहान चाचणी झाली. ते नेहमीचे औषध घेत होते, त्याच्या जोडीला काहींना अश्वगंधा दिली आणि त्यांना थोडा जास्त फायदा दिसला. ३० माणसे आणि ६ आठवडे, एवढ्यावर जाहिरात होऊ शकते, उपचार ठरत नाही. दुसरीकडे, अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांत आहेत. थायरॉइडच्या पातळीवर तिचा परिणाम होतो, झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते. गरोदरपणात ती घेऊ नये. डेन्मार्कने तर २०२३ साली खाद्य-पूरकांत तिच्यावर बंदीच घातली. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य दुकानदाराचे आहे.

इनोसिटॉल नावाची एक साधी पावडर ओसीडीसाठी सुचवली जाते. १९९६ साली इस्रायलमध्ये १३ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि उपयोग दिसला. पण डोस होता दिवसाला १८ ग्रॅम. आपल्याकडे मिळणारी ५०० मिलीग्रॅमची कॅप्सूल धरली, तर रोजच्या ३६ कॅप्सूल झाल्या! सकाळ-संध्याकाळ एकेक घेणारा नेमके काय घेतो आहे, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा. एनएसी हे कफ पातळ करायला दिले जाणारे औषध. त्याविषयीही आशा होती, कारण काही लहान चाचण्या अनुकूल होत्या. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत २० आठवड्यांनंतर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ ने एडीएचडीच्या मुलांत झालाच तर फार थोडा फरक पडतो, औषधाच्या मानाने नगण्य. विदर्भातली जवसाची चटणी जरूर खावी, चवीला तिला तोड नाही. पण जवसातल्या ओमेगा-३ चे माशातल्या प्रकारात शरीर फार कमी रूपांतर करते.

पिरासिटाम आणि मोडाफिनिल ही पूरके नाहीत, औषधे आहेत. चिठ्ठीशिवाय ती देणे बेकायदा आहे आणि तरीही ती हातोहात फिरतात. मोडाफिनिल अतिझोपेच्या आजारासाठी आहे. मुलांच्या एडीएचडीसाठी ते वापरण्याची परवानगी २००६ साली अमेरिकेत नाकारली गेली, कारण त्वचेवर गंभीर, जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया येण्याची भीती होती. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने दिलेली गोळी ही असू शकते.

सर्वात मोठा धोका मात्र एकेका वस्तूत नाही, तर मिसळण्यात आहे. यवतमाळकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. वेगवेगळी कीटकनाशके एकत्र करून फवारणे, डबीवरची बारीक अक्षरे कोणी समजावून न सांगणे आणि विकणाऱ्याचा शब्द प्रमाण मानणे, ही तेव्हा पुढे आलेली कारणे होती. अभ्यासिकेतला मुलगा सकाळी अश्वगंधा, दुपारी कॅफिनची कॅप्सूल, रात्री झोपेची गोळी घेतो आणि वर डॉक्टरांचे औषध असते, तेव्हा तोही पंपात तेच करत असतो.

एक-दोन मिश्रणे तर लक्षात ठेवाच. ओसीडीसाठी फ्लुवोक्सामिन हे औषध वापरतात. ते सुरू असताना शरीरातून कॅफिन बाहेर पडण्याचा वेग खूप मंदावतो. नेहमीचेच चार कप चहा मग रात्रभर जागे ठेवतात. कॅफिनची गोळी असेल तर विचारायलाच नको. ओसीडी-नैराश्याच्या औषधांसोबत ‘५-एचटीपी’ किंवा ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही परदेशी पूरके घेतली, तर शरीरात सिरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते : थरथर, ताप, गोंधळ, जुलाब. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे आणि काय-काय घेतले ते सगळे सांगावे.

डबीवर काय लिहिले आहे, ते वाचायची सवय लावा. पूरके ही कायद्याने अन्नात मोडतात. त्यांच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापावे लागते. म्हणजे कंपनी समोर ‘ब्रेन’ असे मोठ्या अक्षरांत लिहिते आणि मागे बारीक अक्षरांत हात झटकते. औषधांच्या १९४५ च्या नियमांत ‘अनुसूची जे’ आहे. ज्यांविषयी कोणत्याही औषधाने दावा करू नये अशा गोष्टींची ती यादी. मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढवणे हा दावा त्या यादीतच आहे! माल शुद्ध असेल याचीही खात्री नसते. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ च्या तपासणीत सुमारे एक-पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे मेंदूला काय करते, ते सांगायला नको. कार्यकर्त्यांना काम हवे असेल, तर अशा डब्यांचे फोटो आणि बिले जमवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करणे हे चांगले काम आहे.

मग करायचे काय? आधी साध्या तपासण्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. रक्त कमी असेल, झोप पाच तासांची असेल, मेसचा डबा अर्धाच खाल्ला जात असेल, तर लक्ष लागणार नाही आणि त्याला ओसीडी किंवा एडीएचडी म्हणायचे कारण नाही. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. थकवा आणि अंगदुखी असेल तर ती तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. निदान न होता लोहाच्या गोळ्या खात सुटू नका.

ओसीडीवर खरा उपचार आहे. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही औषधे त्यासाठी दिली जातात. नैराश्याला लागते त्याहून अनेकदा मोठा डोस लागतो आणि गुण दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. इथेच आपली माणसे चुकतात. तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात आणि पूरकांकडे वळतात. फ्लुओक्सेटीन जुने, स्वस्त आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतले औषध आहे. ते मनाने सुरू किंवा बंद करायचे नाही, इतकेच. दुसरा उपचार बोलण्याचा आणि सरावाचा. भीती वाटते त्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जायचे आणि नेहमीची कृती मुद्दाम करायची नाही. कुलूप एकदाच बघायचे आणि निघायचे. ओळ एकदाच वाचायची, पान उलटायचे, शंका राहिली तर राहू द्यायची. हे प्रशिक्षित माणसाच्या मदतीने करावे. सोपे नाही, पण परिणामकारक आहे.

एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध आहे. ते कायद्याच्या ‘अनुसूची एक्स’मध्ये येते, म्हणून विशेष परवाना असलेल्या दुकानातच आणि चिठ्ठीची प्रत ठेवूनच मिळते. ही कटकट आहे खरी, पण त्या कटकटीला कारण आहे. ॲटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध त्या यादीत नाही, तरी तेही डॉक्टरांशिवाय नाही.

‘ध्यान कर, सगळं बरं होईल,’ असे सांगणारे आपल्यात खूप आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पाच नीवरणांत उद्धच्च-कुक्कुच्च हे जोड-नीवरण आहे : चित्ताचे सैरभैर होणे आणि केल्या-न केल्याची टोचणी. वाचताना एडीएचडी आणि ओसीडीच डोळ्यांपुढे येतात. तरीही नीवरण म्हणजे आजार नव्हे. भगवंतांनी भिक्खूंच्या चार मूलभूत गरजा मानल्या, त्यांत चीवर, भिक्षान्न आणि निवासाबरोबर आजारपणातले औषधही आहे. महावग्गात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. जीवक वैद्याला संघात मान होता. औषध घेऊ नकोस, ध्यान कर, असे तिथे कुठे आहे? पाचवे शील नशेविरुद्ध आहे, आजारी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाविरुद्ध नाही. मात्र परीक्षेपुरती मित्राकडून घेतलेली उत्तेजक गोळी त्या शीलाच्या कुठल्या बाजूला पडते, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे. बाबासाहेबांनीही मधुमेहासाठी डॉक्टरांचे उपचार घेतले आणि माईसाहेब तर स्वतः डॉक्टर होत्या. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचे असेल, तर अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांविषयी विचारतात. तिथे काही लपवू नका आणि शिबिरासाठी औषध बंद करू नका.

यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. पुसद, उमरखेड किंवा वणीहून येणाऱ्याला दिवस मोडतो हे खरे. म्हणून आधी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी येते, ते विचारावे. आशाताईंना बहुधा माहीत असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने सरकारी सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवण्याचाही. घरून बोलायचे असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. ब्राह्मी, पावडर, मित्राने दिलेली पट्टी, जे असेल ते. ‘रागावतील’ म्हणून कपाटात ठेवलेली एखादी डबीच नेमकी चालू औषधाला नडू शकते. आणि विहार समितीच्या मंडळींनी पुढच्या एप्रिलमध्ये १८ तासांच्या अभ्यासाचा हॉल लावताना मागच्या बाजूला एक दार उघडे ठेवावे, तासाभराने उठणाऱ्याकडे कोणी वळून बघू नये, आणि पाण्याच्या कॅनशेजारी १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.